वाचणाऱ्यांनी पुढे काय वाचावे?

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात दरवर्षी दोन प्रकारचे विद्यार्थी आमच्यासमोर येऊन उभे राहतात. पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्याला पुस्तक नको असते. वर्गशिक्षकांनी पाठविले म्हणून तो आलेला असतो आणि हाती लागेल ते सर्वांत पातळ पुस्तक घेऊन निघून जातो. त्याच्यासंबंधी आजवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे व पुढेही लिहितील. आज आम्हांला लिहावयाचे आहे ते दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यासंबंधी. हा विद्यार्थी, आणि बहुधा ती विद्यार्थिनीच असते, कपाटापाशी येते, पुस्तकांच्या पाठीवरून बोट फिरवीत शेवटच्या कप्प्यापर्यंत जाते आणि किंचित् निराश होऊन म्हणते, “सर, ही सगळी वाचून झाली. आता काय वाचू?”

‘ही सगळी’ म्हणजे नेमकी कोणती, हे पाहण्यासाठी आम्ही ग्रंथालयाची देवघेवीची वही काढून बसलो. नावे तीच ती होती. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’, रणजित देसाई यांची ‘स्वामी’ व ‘श्रीमान योगी’, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ व ‘छावा’. या ग्रंथांविषयी आमच्या मनात आदरच आहे. रणजित देसाई तर येथून जवळच असलेल्या चंदगड तालुक्यातील कोवाडचे. त्यांच्याविषयी आम्हां सीमाभागातील वाचकांना घरच्या माणसासारखी माया आहे. परंतु या पुस्तकांची प्रकाशनवर्षे ओळीने मांडून पाहिली तेव्हा आम्ही चपापलो. १९५९, १९६२, १९६८, १९६७ आणि १९७९. यांतील सर्वांत नवी कादंबरीसुद्धा आज दहावीत बसलेल्या मुलीच्या जन्मापूर्वी सुमारे तीस वर्षे लिहिली गेलेली आहे! म्हणजे आमचे उत्तमोत्तम वाचक पुष्कळ वाचतात हे खरे, परंतु ते आजोबांच्या कपाटातून बाहेर पडत नाहीत, हेही तितकेच खरे.

येथे आम्ही दोष विद्यार्थ्यांना देत नाही. दोष प्रथम आमचाच आहे. बक्षीस समारंभ जवळ आला की पुस्तकांची यादी करावयास आम्हीच बसतो, आणि विचार करण्याचा कंटाळा येऊन गेल्या वर्षीचीच यादी पुढे सरकवतो. एका विद्यार्थिनीला निबंध, वक्तृत्व आणि हस्ताक्षर अशा तीन स्पर्धांत तीन वर्षे मिळून ‘मृत्युंजय’च्या तीन प्रती मिळाल्या. तिसरी प्रत घेताना ती काही बोलली नाही, फक्त हसली. ते हसू आम्हांला अजून आठवते. एका हावरट वाचकाला आम्ही तीन वर्षे एकच पुस्तक दिले होते, आणि त्या तीन वर्षांत मराठीत जे नवे लिहिले गेले त्याचा तिला पत्ताही लागू दिला नव्हता.

म्हणून हा लेख. बहुवाचकांना आमची शिफारस थोडक्यात अशी की, त्यांनी अलीकडची एक कादंबरी आणि अलीकडचे एक आत्मकथन, अशी पुस्तके जोडीने वाचावीत. अलीकडचे म्हणजे आमच्या हिशेबी गेल्या तीसएक वर्षांतले. ‘जोडीने’ म्हणण्यालाही कारण आहे. कादंबरी ही कल्पित असते म्हणून ती खोटी असते, असे समजणारे पुष्कळ आहेत. आणि आत्मकथन हे घडलेले असते म्हणून ते सर्वस्वी खरे असते, असे समजणारे त्याहून अधिक आहेत. दोन्ही समजुती भाबड्या होत. आत्मकथनाचा लेखक स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश असतो. काय सांगावयाचे आणि काय वगळावयाचे हे तोच ठरवितो. उलट कादंबरीकाराला लपविण्यासारखे स्वतःचे असे काही नसल्याने तो कित्येकदा अधिक निर्भयपणे खरे बोलून जातो. ही दोन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचली म्हणजे वाचकाला स्वतःची तारतम्यबुद्धी वापरावी लागते. बहुवाचकाला कमतरता असते ती पुस्तकांची नव्हे, या तारतम्याची.

पहिली जोडी आम्ही आमच्याच मातीतली सुचवितो. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार पुस्तकांत लंपन नावाच्या एका मुलाच्या कथा आहेत. संत हे बेळगावात आयुष्य घालविलेल्या कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव. व्यवसायाने भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. २००३ साली त्यांचे निधन झाले. ही पुस्तके रूढ अर्थाने कादंबऱ्या नव्हेत, परंतु चारही ओळीने वाचली म्हणजे एका मुलाच्या वाढत्या मनाची अखंड कादंबरीच हाती येते. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांजवळ राहणारा हा मुलगा जी मराठी बोलतो ती आपल्या भागातली आहे. कानडी वळणाची, ठसक्याची, पुण्याच्या माणसाला ऐकून गंमत वाटावी अशी. आपल्या बोलण्याला पाहुणे हसतात म्हणून संकोचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य पाहावे की, त्याच बोलण्यातून उत्तम वाङ्मय निर्माण झाले आहे. २०२४ साली या कथांवर ‘लंपन’ ही मालिका निघाली. ज्यांनी ती मोबाईलवर पाहिली असेल त्यांनी तेवढ्यावर थांबू नये. लंपनच्या डोक्यात जे चालते ते पडद्यावर मावणारे नाही.

याच्या जोडीला उमा कुलकर्णी यांचे ‘संवादु अनुवादु’ हे आत्मकथन घ्यावे. उमाताई मूळच्या बेळगावच्या. त्यांनी एस. एल. भैरप्पा यांच्या ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’ यांसारख्या थोर कानडी कादंबऱ्या मराठीत आणल्या. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी त्यांना १९८९ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. हे काम त्यांनी ज्या रीतीने केले ती रीत फार हृद्य आहे. पती विरूपाक्ष कुलकर्णी यांनी कानडी ग्रंथ वाचून दाखवावा, उमाताईंनी तो कानांनी ऐकावा आणि मराठीत उतरवावा. विरूपाक्षांनी मराठी ग्रंथ कानडीत नेले ते वेगळेच. एका घरात दोन भाषा अशा गुण्यागोविंदाने नांदल्या आणि दोन्ही भाषांचे वैभव वाढले. सीमाभागात राहणाऱ्या आम्हां लोकांना दोन भाषा म्हणजे दोन पक्ष, असे समजण्याची सवय जडली आहे. मराठीवरील आमचे प्रेम तिळमात्र कमी न होऊ देता शेजारच्या भाषेशी कसे नाते जोडावे, याचा वस्तुपाठ या पुस्तकात आहे. लंपनच्या तोंडी कानडी वळण का येते, हे कळावयाचे असेल तर दोन्ही पुस्तके एकाच सुट्टीत वाचावीत.

दुसरी जोडी शाळेसंबंधीची. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) ही कादंबरी नववीतल्या मुकुंद जोशी या मुलाची. काळ १९७५ च्या आणीबाणीचा. वर्गातील टोळके, शिक्षकांविषयीची खरी मते, कोवळ्या वयातील ओढ आणि वर्ष संपताना हातून निसटलेले काहीतरी, हे सारे त्यात आहे. २०१२ साली तिच्यावर चित्रपटही आला. काही पालकांनी आम्हांला विचारले, “अशी पुस्तके शाळेच्या कपाटात ठेवावीत काय?” आमचे उत्तर असे की, मुलांच्या मनात जे चालते ते पुस्तकात असल्याने मनात येत नाही, ते मनात असते म्हणून पुस्तकात येते. आपल्यासारखेच दुसऱ्यालाही वाटते हे कळल्याने मूल बिघडत नाही, उलट पुष्कळदा सावरते.

‘शाळा’ वाचून मन हळवे झाले असेल तर जोडीला जयंत नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ घ्यावे. बनारस, केंब्रिज, मुंबई व पुणे ही ती चार नगरे. या आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २० मे २०२५ रोजी नारळीकर आपल्यातून गेले. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, पण वडील बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असल्याने बालपण गेले ते बनारसला. शाळा हिंदी, घर मराठी. घरच्या फळ्यावर मामा एखादे अवघड गणित आव्हान म्हणून लिहून ठेवीत, आणि भाच्याने ते सोडवीपर्यंत किंवा हार मानीपर्यंत ते तेथेच राही. महाराष्ट्राबाहेर वाढलेला एक मराठी मुलगा केंब्रिजला जातो, विश्वाच्या उत्पत्तीसंबंधी संशोधन करतो, आणि परत येऊन विज्ञानकथा लिहितो त्या मराठीत! मराठी माध्यमात शिकून पुढे काय होणार, अशी चिंता करणाऱ्या पालकांनीही हे पुस्तक वाचावे. त्यात उपदेश नाही, उदाहरण आहे. मात्र आमच्या तारतम्याचा नियम येथेही लागू आहे. यशस्वी पुरुषाच्या आत्मचरित्रात वाट सरळ दिसते, कारण ती शेवटापासून मागे पाहून लिहिलेली असते. वर्गातल्या बाकावर बसलेल्या मुलाला वाट अशी दिसत नाही. ते धुके ‘शाळे’त आहे. म्हणून दोन्ही हवीत.

तिसरी जोडी थोडी कठीण आहे, आणि आमच्या मते सर्वांत मोलाची. कोल्हापूर जिल्ह्यातील कादंबरीकार कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणासाठी एक गाव उठते. माणसे नव्या जागी जातात. जनावरे मागे रानात राहतात आणि हळूहळू रानटी होतात. आपली म्हैस परत आणावी म्हणून एक विस्थापित माणूस त्या सोडलेल्या मुलुखात जातो. कथानक म्हणाल तर इतकेच. परंतु माणूस आणि जनावर यांच्यातील त्या झुंजीत आपण ज्याला ‘विकास’ म्हणतो त्याची किंमत कोणी मोजली, हे असे काही उभे राहते की वाचक सुन्न होतो. हा विषय दूरचा नव्हे. आपल्याच जिल्ह्यात घटप्रभेवरील हिडकल धरणाच्या पाण्यात हुन्नूरचे जुने विठ्ठलमंदिर बुडालेले असते. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते वर येते आणि आपण सहकुटुंब पाहावयास जातो. छायाचित्रे काढतो. त्या देवळाभोवती एके काळी घरे होती, गोठे होते, म्हशी होत्या, हे त्या वेळी किती जणांच्या मनात येते? ‘रिंगाण’ वाचलेल्याच्या मनात ते आल्यावाचून राहणार नाही.

जोडीला ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३). आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली सुपे, टोपल्या. रत्नागिरीकडील एका दलित कुटुंबातील विधवा आई आयदाने विणून मुलांना शिकविते. ती मुलगी मोठी होऊन लेखिका होते आणि आईचे विणणे व आपले लिहिणे यांत तिला एकच वीण दिसते. या पुस्तकात जातीचे चटके आहेत, तसेच घरातल्या घरात स्त्रीला बसणारे चटकेही आहेत. आणि स्वतःच्या माणसांविषयी लिहितानाही लेखिकेने हात आखडता घेतलेला नाही. आत्मकथन सर्वस्वी खरे मानू नये असे आम्ही वर म्हटले, त्याचा अर्थ ते हलके मानावे असा कोणी घेऊ नये. स्वतःला व स्वकीयांनाही सोडून न देणारे आत्मकथन दुर्मिळ असते, आणि ‘आयदान’ हे तसे आहे. ‘रिंगाण’मधील म्हैस आणि ‘आयदान’मधील बांबू, या दोन साध्या वस्तूंत दोन लेखकांनी जे पाहिले ते राजवाड्यांत आणि रणांगणांत रमलेल्या आमच्या वाचकांना प्रथम रुक्ष वाटेल. पन्नास पानांपर्यंत धीर धरावा, एवढीच विनंती.

ज्यांना इतिहासाशिवाय चैनच पडत नाही त्यांनाही निराश होण्याचे कारण नाही. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) ही प्रचंड कादंबरी सुमारे सातशे वर्षांच्या कालपटावर एका मराठा कुळाची कहाणी सांगते. येथे नायक राजा नाही, तर इतिहासाच्या पुस्तकात ज्यांची नावे येत नाहीत अशी माणसे आहेत. कारवारजवळच्या माजाळीचे महाबळेश्वर सैल हे कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषांत लिहिणारे लेखक. त्यांच्या ‘तांडव’मध्ये पोर्तुगीज अमलातील गोव्यातील धर्मांतराचा काळ आहे. आणि ज्यांना मागे नव्हे तर पुढे पाहावयाचे आहे, त्यांनी नंदा खरे यांची ‘उद्या’ वाचावी. माणसाची खडान्‌खडा माहिती गोळा करणाऱ्या सत्ता आणि यंत्रे यांचे नजीकचे भविष्य तीत आहे. तिला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि लेखकाने तो विनयाने नाकारला. ही तिन्ही पुस्तके दहावीनंतरची. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी ती आधी वाचावीत.

आता आक्षेपांचा विचार करू. आमच्या एका वयोवृद्ध हितचिंतकांनी म्हटले, “या नव्या पुस्तकांची भाषा ओबडधोबड आहे. बोलीत लिहिलेले वाचून मुलांचे शुद्धलेखन बिघडेल.” त्यांचा हेतू चांगला आहे आणि भीती अगदीच निराधार नाही, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत बोली चालत नाही. परंतु शुद्धलेखन शिकविणे हे व्याकरणाच्या तासाचे काम. ते कादंबरीवर लादू नये. शिवाय आज आपण ज्याला ‘अक्षर वाङ्मय’ म्हणतो ते सर्व एकदा नवेच होते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत त्यांच्या वाचकांच्या काळातलीच, त्यांच्या घरातलीच दुःखे होती. ‘स्वामी’ आणि ‘मृत्युंजय’ जेव्हा छापखान्यातून बाहेर पडल्या तेव्हा त्या विकत घेणारे, त्यांवर वाद घालणारे वाचक होते म्हणून त्या आपल्यापर्यंत पोचल्या. त्या वाचकांचे ऋण आपण त्याच कादंबऱ्या पुनःपुन्हा वाचून फेडू शकत नाही. आपल्या काळातील लेखकांना आपण वाचक मिळवून दिला, तरच ते फिटेल.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. नवी पुस्तके महाग पडतात. त्यांच्या आवृत्त्या लहान निघतात आणि सीमाभागात त्या पोचतच नाहीत. पण गावोगावची सार्वजनिक वाचनालये अजून उघडी आहेत, आणि मागणी नोंदविल्याशिवाय कोणतेही वाचनालय पुस्तक मागवीत नाही. चार मित्रांनी वर्गणी काढून एक पुस्तक घ्यावे आणि आळीपाळीने वाचावे. ही रीत आमच्या लहानपणी होती, आणि ती वाईट होती असे आम्हांला अजून तरी वाटलेले नाही.

शेवटी थोडे मनातले. १९४६ साली बेळगावास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. या गोष्टी आनंदाच्या आहेत. परंतु मराठी शाळांच्या वर्गांतील बाके वर्षागणिक रिकामी होत आहेत, हे आपण रोज डोळ्यांनी पाहतो. आणि ती बाके ठरावाने किंवा दर्जाने भरून येणार नाहीत. अभिजात म्हणजे केवळ जुने नव्हे. जिच्यात काल लिहिले गेले, आज लिहिले जाते आणि आजचे लिहिलेले आजच वाचले जाते, तीच भाषा जिवंत. जिच्या उत्तम वाचकांना हयात असलेल्या पाच लेखकांची नावे सांगता येत नाहीत, ती भाषा कितीही मानाची असली तरी संग्रहालयाच्या वाटेला लागली असे समजावे.

यंदाच्या बक्षीस समारंभाची यादी आम्ही नव्याने केली आहे. वर सांगितलेल्या पुस्तकांपैकी शालेय वयाला शोभतील ती तीत आहेत; ‘मृत्युंजय’ तीत नाही, कारण ती कपाटात आहे आणि कायम राहील. तीन प्रती मिळालेली ती विद्यार्थिनी आता महाविद्यालयात आहे. परवा ती भेटावयास आली तेव्हा आम्ही तिच्या हाती ‘रिंगाण’ ठेवली आणि उशिराबद्दल क्षमा मागितली. तिने पहिले पान तेथेच उभ्याउभ्या वाचले, दुसरे उलटले, आणि आमचा निरोप घ्यावयास ती विसरली.

असे वाचक या शाळेत आणखी आहेत, हे आम्हांला ठाऊक आहे. कपाटाची किल्ली आमच्याजवळ आहे आणि मधल्या सुट्टीत ते उघडे असते. ज्यांची ‘ही सगळी’ वाचून झाली असतील त्यांनी निःसंकोच यावे.